क्राकोला पुढे पाठवलेल्या दोन ट्रंका

यावोर्नीत्सा,
बुधवार, २८ जानेवारी

प्रिय ब्रोन्या,

तुला आठवतं का, सिस्टर अलोयझांच्या शिवणाच्या तासाला आपण दोघी मागच्या बाकावर खिडकीशी बसायचो, आणि काचेवर बर्फाची इतकी दाट नक्षी धरलेली असायची की बाहेरचं अंगण दिसायचंच नाही? तू पितळेचं अंगुस्तान तोंडात धरून गरम करायचीस आणि काचेवर दाबायचीस. अंगुस्तानाएवढं गोल भोक पडायचं. मग एक डोळा मिटून आपण आळीपाळीनं त्यातून बघत बसायचो. बघण्यासारखं काही नसायचं. विहिरीचा रहाट, कोळशाचा ढीग, आणि स्वयंपाकघरातली जाडी सिस्टर बादली घेऊन घसरत चाललेली. तरी तास कधी संपायचा ते कळायचं नाही. तुझ्या रुमालाची शिवण वाकडी यायची आणि माझी त्याहून वाकडी. (“साल्का, हा रुमाल स्वर्गाच्या दारात दाखवायला लागला तर काय सांगशील?” असं सिस्टर अलोयझा विचारायच्या. पन्नास वर्षं झाली, मला अजून उत्तर सुचलेलं नाही.)

आता रीतीप्रमाणे. वयानं चौदा महिन्यांनी मोठ्या असलेल्या मैत्रिणीला (हे तू मला कधीच विसरू दिलेलं नाहीस) माझा मानाचा नमस्कार आणि दोन्ही गालांवर पापे. पित्ताशयातले खडे काय म्हणतात? डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेलं डुकराचं मांस तू खरंच बंद केलंस, की डॉक्टरांना सांगायचं तेवढं बंद केलंस? जिना चढताना धाप लागते असं तू दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलंयस. मी शाळामास्तरीण होते, बारीक अक्षर मी आधी वाचते. माझं म्हणशील तर मनगट उत्तम आहे. ऑक्टोबरात विहिरीपाशी घसरून मोडलं होतं ते आता सांधलंय, आणि बर्फ पडायचा असला की आदल्या दिवशी ठणकून मला कळवतं. रेडिओवरचा माणूस ते दुसऱ्या दिवशी कळवतो.

तुझं पत्र पोचलं. खोली तयार आहे, भिंतींना नवा पिवळा रंग दिलाय, दोन्ही रेडिएटर चालतात, माझ्या दोन ट्रंकांपैकी लहान पलंगाखाली सरकवलीय आणि मोठी मावली नाही म्हणून कपाटाला टेकवलीय, सगळं वाचलं. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, मी तुझ्या दारात उभी राहिले नाही तर तू पोलिसांना घेऊन इकडे येशील, हेही वाचलं. शब्द मी दिला होता, नाकारत नाही. हाताला प्लास्टर असताना दिला होता, पण दिला होता, आणि ट्रंकाही माझ्याच हातानं (एकाच) भरल्या होत्या. पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, की त्रेसष्ट वर्षांच्या एकट्या विधवेला गळ्याएवढ्या बर्फात सुख तरी कसलं मिळतं, ते एकदा कागदावर लिहून कळव.

ब्रोन्या, तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मी ठरवलंय की यंदाच्या हिवाळ्यात माझे काय काय हाल झाले ते एकेक करून तुला लिहायचे. म्हणजे सोमवारी बसमध्ये पाय ठेवताना माझंही मन इथे घुटमळायला नको.

पहिला हाल म्हणजे दार. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, बर्फ सुरू झाला तो नऊ दिवस थांबला नाही. दहाव्या दिवशी सकाळी मी दार आत ओढलं (आमच्याकडची दारं आतच उघडतात, ती का हे अशा सकाळी कळतं), तर समोर आणखी एक दार. पांढरं. माझ्याच दाराचा ठसा, फळ्यांच्या रेघांसकट आणि कडीच्या खळगीसकट, समोरच्या भिंतीवर उमटलेला. इतका सुबक, की फावडं मारायचा धीर होईना. मी कॉफी करून आणली आणि उंबऱ्यावर स्टूल टाकून बघत बसले. (हे हालांत धरायचं की नाही ते तू ठरव.) स्वयंपाकघराची खिडकी तर पार बुजली होती. तिच्यातून येणारा उजेड आपल्या शाळेतल्या प्रार्थनाघराच्या निळ्या काचांमधून यायचा तसा निळा होता, आणि त्या उजेडात कोबीचं आंबट सूप ढवळताना मला उगाचच आपण काहीतरी पवित्र करतोय असं वाटत होतं.

मग खणायला घेतलं. दारापासून गोठ्यापर्यंत बोगदा पाडला. भिंती माझ्या डोक्याहून उंच, वर आभाळाची एक पट्टी. गोठ्याच्या अलीकडे मला समोरून खणल्यासारखा आवाज आला आणि भिंत कोसळून पलीकडून एक फावडं आणि त्यामागे शिमोनची मिशी आली. शिमोन म्हणजे माझा शेजारी, सुतार, माझ्या याकुबचा जन्माचा दोस्त. अडुसष्ट वर्षांचा विधुर, उजव्या कानानं ठार बहिरा आणि डाव्या कानानं सोयीप्रमाणे.

“जित्या हाय व्हय, मास्तरीणबाई?” त्यानं विचारलं.

“आहे. निराशा झाली का?”

“तर! एवढं लांबचं खणत आलो. आता आलोच हाय तर च्या तरी टाका.”

चाळीस वर्षं या गावात काढली, अर्ध्या गावाला पाढे शिकवले, पण अजून मी त्यांना ‘मास्तरीणबाई’च, आणि माझं बोलणं त्यांना अजून ‘क्राकोच्या सिस्टरांचं’ वाटतं. तेही हालांत लिहून ठेव.

दुसरा हाल पिसांचा. तुला माहीत आहे, हिवाळ्यात काम नसतं तेव्हा आमच्या बायका एकेकीच्या घरी जमून हंसाची पिसं सोलतात. मधला कडक दांडा काढून टाकायचा, मऊ पीस तेवढं ठेवायचं. यंदा पाळी माझ्या घरी होती, कारण झोश्काला बाळ झालं होतं आणि त्याला बाप्तिस्म्याला न्यायला पिसांची उशी हवी होती. झोश्का ही माझी जुनी विद्यार्थिनी. तिला सात आठे शेवटपर्यंत जमले नाहीत, पण बाळ छान जमलंय. ही उशी म्हणजे निजायची नव्हे. बाळाला तिच्यात ठेवून भोवतीनं गुंडाळायचं आणि फितीनं बांधायचं. तर दुपारी तीनपासून आम्ही आठ बायका टेबलाभोवती, मध्ये पिसांचा डोंगर. हसायचं ते ओठ मिटून, शिंकायचं ते अंगणात जाऊन, आणि दार कुणी उघडायचं नाही. दोन तासांत गावातल्या सगळ्या लग्नांचा निकाल लागला.

पाच वाजता दारावर टकटक. मी दार बोटभर उघडलं. शिमोन. चेहरा असा गरीब, की जणू पापनिवेदनाला आलाय. हातात टोपी, टोपीवर दुसरा हात. “मास्तरीणबाई, जरा मीठ मिळंल का?” म्हणाला. मी मिठाकडे वळले मात्र, आणि त्यानं दार ढकलून टोपी उलटी केली. टोपीतून चिमणी निघाली!

ही आमच्याकडची जुनी खोड आहे. पिसं सोलणाऱ्या बायकांमध्ये चिमणी सोडायची. पण ती विशीतल्या पोरांची खोड, अडुसष्टाव्या वर्षी सुतारानं करायची नव्हे. चिमणी आधी दिव्याकडे गेली, मग तसबिरीकडे, मग थेट पिसांच्या डोंगरात. आठ बायका एकाच वेळी किंचाळल्या आणि आठ बायकांच्या श्वासानं उरलेला डोंगर उठला. ब्रोन्या, बाहेर बर्फ थांबला होता, तो घरात सुरू झाला. हळूहळू, गोल गोल, सगळ्यांच्या केसांवर, सुपात, देवाच्या आईच्या तसबिरीवर. कुणी हलेना. मग झोश्काची सासू, जी माझ्या माहितीत सतरा वर्षांत हसलेली नव्हती, खुर्चीवर बसल्या बसल्या हलायला लागली, आणि आम्हाला वाटलं झटका आला, पण ते हसू होतं. शिमोनला आम्ही शिक्षा म्हणून टेबलाशी बसवून दोन दिवस पिसं सोलायला लावली. बोटं सुताराची, पण काम सुरेख केलं. पुढची पिढी काही म्हणो, त्या उशीतली निम्मी पिसं शिमोननं सोललेली आहेत.

आता तिसरा आणि मोठा हाल, जो सांगावा की नाही याचा मी तीन दिवस विचार करतेय.

बाळाची ठरलेली धर्ममाता म्हणजे नोव्ही तार्गला राहणारी झोश्काची मावशी. बर्फानं रस्ता बंद झाला आणि मावशी तिकडेच अडकली. ससे भाजून तयार होते, केक फुगून तयार होते, फादरना सांगून झालं होतं. शुक्रवारी झोश्काचा नवरा फ्रानेक टोपी चुरगळत माझ्याकडे आला. धर्ममाता होण्याचं बोलावणं आलं तर आमच्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही, तरी मी प्रयत्न केला. म्हटलं, अरे, मी पुढच्या सोमवारी क्राकोला चालले कायमची, आठ दिवसांची धर्ममाता त्या लेकराच्या काय कामाची?

“बाई, तो सोमवार पुढला हाय,” फ्रानेक म्हणाला. “रविवार तर हाच हाय न्हवं?”

या पोराला मीच गणित शिकवलं होतं. मी काळा कोट काढून झटकायला घेतला.

मोटार जाणं शक्यच नव्हतं, म्हणून शिमोननं (बाळाचा ठरलेला धर्मपिता तोच) माळ्यावरून जुनी बर्फगाडी काढली. तू अशी गाडी बघितलेली नाहीस. दोघांपुरती, अरुंद, पाठीला रंगीत फुलं कोरलेली, बाळाला आणि धर्म-आईबापांना देवळात न्यायलाच केलेली. आई घरी राहते, तशी रीत. गाडी इतकी हलकी की घोडी वळली की ती एका धावेवर, म्हणजे खालच्या एका घसरपट्टीवर, उठते, आणि ती सरळ ठेवणं हे काम घोडीचं नाही, हाकणाऱ्याचंही नाही, शेजारी बसलेल्या बाईचं. वळण आलं की बाईनं गाडीची कड धरून कमरेपासून बाहेर झुकायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी याकुबनं मला हे शिकवलं होतं. त्यानंतर माझं वजन तेवीस किलोंनी वाढलं. शिमोननं मला बसताना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, “आता कुठं बी उलटायची न्हाई.” गाडीत वर्षानुवर्षं कोंबड्या बसत होत्या. आम्ही दोघं देवळात पोचलो तेव्हा माझ्या काळ्या कोटाला मागून जे काही चिकटलं होतं, ते फादरनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

जाताना काही झालं नाही. घोडी लिस्का शहाण्यासारखी चालली, बाळ झोपलं, पुढे फ्रानेक आणि पाच जण फावड्यांनी वाट मोकळी करत होते. बाप्तिस्म्याच्या कुंडातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता, तो फादरनी मेणबत्तीच्या बुडानं फोडला. (पाणी मात्र किटलीतून कोमट आणून घातलं, काळजी करू नकोस.) मग त्यांनी विचारलं, या लेकराच्या पाठीशी उभी राहशील ना? मी “हो” म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं, की घुमटातून ते परत माझ्या अंगावर आलं. आणि तेव्हा मला सोमवार आठवला.

ब्रोन्या, आपल्याला सिस्टरांनी वाढवलंय. माझ्या हातात बाळ होतं, बाळाच्या डोक्यावरून पाणी ओघळत होतं, ते बोंबलत होतं, आणि मी मनात हिशेब लावत होते, की दोन शब्द दिले आणि ते एकमेकांच्या आड आले तर कुठला पाळायचा. आधी दिलेला? देवासमोर दिलेला? की प्लास्टर नसताना दिलेला? सिस्टर अलोयझांनी हे आपल्याला नक्की शिकवलं असणार. पण त्या दिवशी आपण अंगुस्तानाच्या भोकातून बाहेर बघत होतो.

देवळानंतर ऑर्गन वाजवणाऱ्याच्या घरी बाळाच्या नावानं आलुबुखाराच्या दारूचा एक पेला घ्यावा लागला. (आणि मुलगी आहे म्हणून तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या नावानं दुसरा.) बाळाचं नाव अपोलोनिया, हे सांगायचं राहिलं. तेवढ्यात ऊन पडलं. जवळजवळ तीन आठवड्यांनी ऊन! डोळे उघडवेनात. शिमोन म्हणाला, “बाळ हिकडं माझ्या कोटात द्या, मेंढीचं कातडं हाय, भट्टीवानी गरम. उतार हाय, तुम्हास्नी दोन्ही हात लागतील.” आम्ही अपोलोनियाला उशीतून सोडवून त्याच्या कोटात घातलं, वरून त्यानं रुंद पट्टा आवळला, नाक तेवढं बाहेर. रिकामी उशी मी मांडीवर घेतली. फ्रानेक आणि मंडळी मागून चालत निघाली.

परतताना घोडीला घरचा गोठा दिसायला लागला होता आणि शिमोनला गाणं सुचलं होतं. आम्ही उडत होतो, ब्रोन्या! धावांखालून बर्फाची भुकटी उडून तोंडावर येत होती. पहिल्या वळणावर मी झुकले, छान. दुसऱ्या वळणावर झुकले, गाडी सुतासारखी. तिसरं वळण गिरणीपाशी, उजवीकडे. मी कड धरली, कमरेपासून बाहेर झुकले, अगदी याकुबनं शिकवलं होतं तशी, आणि कोंबड्यांनी इतकी वर्षं वापरलेली ती कड माझ्या हातात आली.

मी पडले असं म्हणणार नाही. मला बर्फानं उचलून घेतलं. मी काखेपर्यंत आत, टोपी कुठेतरी, तोंडात बर्फ, छातीशी उशी घट्ट धरलेली. पहिला विचार उशीचा. बघते तर उशी रिकामी!

पुढचं मिनिटभर काय झालं ते मी फक्त तुलाच सांगतेय. मी दोन्ही हातांनी बर्फ उकरायला लागले. मनगट, कुठलं मनगट, काही आठवलं नाही. तोंडानं लॅटिन प्रार्थना म्हणत होते आणि नंतर लक्षात आलं की ती जेवणाआधीची होती. उकरता उकरता अर्धी खड्ड्यात गेले, आणि तेव्हा दूर खालून लिस्काच्या घुंगरांचा आवाज आणि त्याच्यावरून शिमोनचं बेसूर गाणं ऐकू आलं, आणि त्या गाण्यात मध्येच एक बारीक सणसणीत रडणं. मेंढीचं कातडं! पट्टा! नाक! मी मटकन बसले. आधी रडले. मग हसायला लागले. मग दोन्ही एकदम.

ते दोघं मला न घेता घरी चालले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आणि मग काय सांगू? सगळं शांत झालं. इतकं शांत, की फांदीवरून बर्फ घसरायचा तोही ऐकू येत होता. समोर अख्खा डोंगर उन्हात पांढराशुभ्र, सावल्या निळ्या, झाडांवरून भुकटी खाली येताना चमकत होती. कुणाला माझी गरज नव्हती, मला कशाची घाई नव्हती, कुठे दुखत नव्हतं. मी उठायला हवं होतं. त्याऐवजी उताणी पडले, उशी डोक्याखाली घेतली आणि हात पसरून वरखाली, वरखाली हलवले. पोरं देवदूत काढतात ना बर्फात, तसा. पंख चांगले रुंद आले. याकुब गेल्यापासून नऊ वर्षांत मी इतकी सुखात कधी नव्हते, आणि हे लिहिताना मला जरा लाज वाटतेय.

त्याच वेळी वळणावरून फ्रानेक आणि पाच जण आले. सहाही माझे विद्यार्थी. त्यांना काय दिसलं, तर आपली मास्तरीण रस्त्याच्या कडेला उताणी पडून हातवारे करतेय. सहा जणांनी टोप्या काढल्या.

“बाई,” फ्रानेक दबकत म्हणाला, “लागलं का कुठं?”

“नाही रे,” मी म्हटलं. “खडू संपला म्हणून हातानं चित्र काढतेय.”

तिकडे घरी काय झालं ते झोश्कानं मला नंतर सांगितलं. शिमोन ऐटीत दाराशी थांबला, कोट उघडून बाळ दिलं, आणि मला उतरवायला हात पुढे केला. तिथे गाडीची कडही नव्हती आणि मीही नव्हते.

“गिरणीपर्यंत तर हुत्या,” तो म्हणाला.

“अहो पण शेजारी बसल्या होत्या ना! तुमच्या लक्षात कसं आलं नाही?” झोश्का म्हणाली.

“गप्प हुत्या. म्या म्हटलं, प्रार्थना चाललीया. चाळीस वर्सांत पैल्यांदा गप्प बसल्या, म्हणून म्या बी तरास दिला न्हाई.”

हे बोलून तो जो फिरला तो गाडी उडवतच परत आला. आम्ही अर्ध्या वाटेवर भेटलो. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती, मिशीवर बर्फ, आणि चेहरा असा की मी तयार ठेवलेलं बोलणं गिळून टाकलं. त्यानं आधी माझ्या कोटावरचा बर्फ झाडला. मग रागानं म्हणाला, “आठ दिसांनी जायाचंच हाय न्हवं? मग एवढी घाई कशापायी?” आणि मला उचलून (हो, अडुसष्टाव्या वर्षी, आणि ते तेवीस किलो धरून) गाडीत बसवलं, मधोमध, आणि एका दोरीनं गाडीच्या पाठीला बांधलं. घरापर्यंत त्यानं घोडी पावलापावलानं चालवली. गाणंही नाही.

जेवणात ससे होते, खारवलेली काकडी, धुरावलेलं मेंढीचं चीज, खसखशीचा केक. अपोलोनिया एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होती. माझ्याकडे आली तेव्हा तिनं माझं बोट धरलं आणि सोडेना. (सगळीच बाळं धरतात, मला माहीत आहे. तरी.) चार वाजता पुन्हा बर्फ सुरू झाला आणि सगळे खिडकीशी जाऊन असे आनंदानं बघायला लागले, की जणू यंदाच्या हिवाळ्यात बघितलाच नव्हता.

तर असे हाल आहेत. दाराचे, पिसांचे आणि गाडीचे. वाचून तुझी खात्री पटेल की मी इथे राहणं किती वेड्यासारखं आहे. सोमवारी सकाळच्या बसनं निघते. खड्यांना जप, जिना सावकाश चढ.

तुझी,
साल्का

ता. क. सोमवारी येणं बहुधा जमणार नाही. खिंडीतला रस्ता अजून बंद आहे आणि बस कधी सुरू होईल ते कुणालाच माहीत नाही. देवाची इच्छा.

ता. क. दोन. पोस्टातली बाई आत्ताच येऊन गेली. बस कालपासून सुरू आहे, आणि हे पत्र त्याच बसनं जाणार आहे. वरचा ता. क. मी खोडलेला नाही, कारण खोटं लिहिलं तर ते दिसत ठेवायचं असं आपल्याला शिकवलंय.

ता. क. तीन. ब्रोन्या, मी येत नाहीये. सोमवारीही नाही आणि रस्ता मोकळा असला तरी नाही. तुला दिलेला शब्द मी मोडतेय, डोळे उघडे ठेवून मोडतेय, आणि त्याबद्दल शनिवारी फादरना सांगणार आहे. तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. ‘एकट्या बाईनं हिवाळा काढायचा कसा’ असं तू चार ठिकाणी लिहिलंयस. पाच वेळा मला वाटलं, तू माझ्याबद्दल लिहितेयस. सहाव्या वेळी तुझ्या त्या बारीक अक्षराचा अर्थ लागला. तुझ्या घरात रेडिएटर दोन आहेत, पण त्या पिवळ्या खोलीत तीन महिने माझ्या ट्रंकांशिवाय कुणी नाही. मला हे आधी कळायला हवं होतं. म्हणून विनंती करते, इतकं लांबलचक पत्र त्यासाठीच लिहिलं: तूच इकडे ये. ईस्टरपर्यंत ये, मग बघू. माझ्याकडे जिना नाही. शिमोनबद्दल तुझ्या मनात आत्ता जे आलं, तसं काही नाही. (असतं तर पहिलं तुलाच लिहिलं असतं. त्यानं गाडीला नवी कड बसवलीय आणि ती दाखवायला तीन वेळा बोलावलं, एवढंच.)

आता ट्रंका. किल्ली पाकिटात घातलीय. लहान ट्रंक आधी उघड. तिच्यातली रबरी शेकपिशवी आणि दोन्ही चांगल्या चादरी तुमच्या इमारतीची झाडलोट करणाऱ्या यानोवाबाईंना दे, त्यांची कंबर धरलेली असते. याकुबची छत्री आणि बुटांवर चढवायचे रबरी गलोश खालच्या मजल्यावरच्या निवृत्त ट्राम कंडक्टरना. गलोश त्यांना मोठे होतील, तरी घेतील, त्यांना काहीही चालतं असं तूच म्हणतेस. चहाचे सहा कप देवळातल्या सिस्टरांना. सातवा तडा गेलेला आहे, तो टाकू नकोस, त्यात तू बडीशेप लाव. लहान ट्रंक रिकामी झाली की यानोवाबाईंच्या मुलीला, तिचं लग्न आहे ना. मोठ्या ट्रंकेतलं काळं रेशीम शेजारच्या हेलेनाबाईंना, माझ्यापेक्षा त्यांना शोभेल. पडदे कुणालाही. देवाच्या आईची लहान तसबीर मात्र कुणाला देऊ नकोस, ती कपड्यांमध्ये गुंडाळून परत आणायची आहे. तळाशी राखाडी लोकरीचे चार जोड मोजे आहेत, ते चारही तुझे. आणि रिकामी झालेली मोठी ट्रंकही तुझीच. तिचं झाकण नीट बसत नाही, म्हणून फार भरू नकोस. गरम कपडे तेवढे घे आणि गुरुवारच्या बसनं ये.